आईच्या नाकावर पाच मतं

आईच्या नाकाचं काय करायचं यावर त्या खोलीत पाच जणांनी मत दिलं. खोलीत आम्ही सहा जण होतो. सहावी आई. ती खिडकीजवळ चाकाच्या खुर्चीत बसली होती, नाकावर पट्टी, अंगात माझा स्वेटर, मांडीवर पर्स.

हे मी रागाने सांगणार आहे. ज्यांना शांतपणे ऐकायचं असेल त्यांनी माझ्या दादाला गाठावं. तो फार समजूतदार आहे, सगळे तसं म्हणतात.

आधीपासून सांगते. आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची. पोस्टाच्या खिडकीवर तिने एकतीस वर्षं काढली आणि तिथले लोक तिला पाठीमागे जमादारीण म्हणत. रांग मोडून कुणी पुढे घुसला की ती मान वरही न करता "मागे" एवढंच म्हणायची, आणि माणूस गुमान मागे जायचा. दोन वर्षांपूर्वी तिच्या हृदयाची एक झडप बदलून धातूची बसवली. तेव्हापासून रक्त पातळ ठेवायची गोळी, जी एक दिवसही चुकवायची नाही. फुप्फुसं जेमतेम. आडवं झोपलं की दम लागतो, म्हणून पाठीला तीन उशा. आमच्या जिन्याला सतरा पायऱ्या आहेत, त्यात तिचे दोन थांबे.

मी तिच्याजवळ राहते आणि चष्म्याच्या दुकानात काम करते, बावीस वर्षं. नंबर काढणारे वेगळे. मी फ्रेम चेहऱ्यावर बसवून देते. कुणाचा एक कान वर असतो, एक खाली. कुणाच्या नाकाची एक बाजू उभी, दुसरी पसरट. मी हे नुसत्या बोटांनी ओळखते आणि दुकानात त्याबद्दल माझी शेखी आहे. म्हणून आईच्या नाकाच्या डाव्या अंगाला, नेमकं जिथे चष्म्याचं पॅड टेकतं तिथे, मुगाएवढा फोड आला तेव्हा मला कुणाला विचारावंसं वाटलंच नाही. पॅड घासतंय, मी म्हटलं. पॅड बदललं. खपली धरली, पडली, रक्त आलं. मी पॅडचा कोन बदलला. मग मऊ पॅड घातलं, मग मोठं, मग फ्रेमच हलकी घेतली. गोळीमुळे जखम भरत नाही, हे निदानही मीच करून टाकलं. दुसरी कुणी मुलगी असती तर दोन महिन्यांत आईला डॉक्टरकडे घेऊन गेली असती. मी चष्मेवाली, म्हणून दीड वर्ष पेचकस फिरवत बसले.

एक दिवस आई दुकानात येऊन बसली होती आणि एक गिऱ्हाईक वाचायचा चष्मा न्यायला आलं. निघाले कातडीचे डॉक्टर. त्यांनी आईकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"हे किती दिवस आहे?"

"पॅडचं आहे ते," मी म्हटलं.

त्यांनी वाद घातला नाही. माझ्याच पावतीच्या मागे तपासणीचं नाव लिहिलं आणि "उद्याच" असं म्हणून त्याखाली दोन रेघा मारल्या.

कातडीचा कॅन्सर होता. फार हळू वाढणारा, बहुतेक वेळा दुसरीकडे न जाणारा, पण जिथे असतो तिथे आत आत खात जाणारा. मी दादाला फोन केला. तो दुसऱ्या गावी असतो, मोठ्या हुद्द्यावर आहे, आणि संकट आलं की त्याचा आवाज बैठकीतल्यासारखा होतो. तो म्हणाला, "आईला सांगायचं नाही. तिच्या हार्टला झेपणार नाही."

मी "हो" म्हटलं. हे इथे लिहून ठेवते, कारण यापुढे मी सगळा राग दुसऱ्यांवर काढणार आहे.

आईला आम्ही सांगितलं, छोटीशी गाठ आहे, तेवढी काढतील. दवाखान्यातल्या टेबलावर कारकुनाने फॉर्म काढला. सत्तरीच्या पुढचं माणूस असलं की तिथे फॉर्म बरोबरच्या माणसापुढे सरकवायचा, आणि बरोबर पुरुष असला तर त्याच्यापुढेच, अशी पद्धत. आईचा हात सवयीने पुढे आला होता. दादा म्हणाला, "राहू दे गं, तू कशाला त्रास घेतेस," आणि त्याने झोकात सही ठोकली. तिला हात मागे घेताना मी बघितलं आणि पुढच्या कागदाची घडी घालत बसले.

कॅन्सर वरून दिसत होता त्याच्या तिप्पट आत निघाला. तेवढी जागा सुन्न करून मोठ्या डॉक्टरांनी एकदा कापलं, तपासायला पाठवलं, कडा स्वच्छ आल्या नाहीत म्हणून पुन्हा कापलं. नाकाची डावी भिंत जवळजवळ गेली. कातडं गेलं, खालची कूर्चा गेली, आतलं पातळ अस्तर तेवढं उरलं. मोठे डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, "अभिनंदन, सगळं निघालं." दादाने त्यांचा हात हातात घेतला. मीही हसले.

चौथ्या दिवशी घरी पट्टी बदलताना नर्सला फोन आला, ती बाहेर गेली, आणि आई उठून मोरीतल्या आरशापुढे जाऊन उभी राहिली. परत येऊन खुर्चीत बसली. त्यानंतर तीन आठवडे ती आमच्याशी बोलली नाही. चहा हवा का विचारलं तर मान, गोळी दिली तर हात. बाकी तोंडाला कुलूप.

त्या तीन आठवड्यांत मला कळलं की आपल्या भाषेत नाकाशिवाय पान हलत नाही. वहिनी समाचाराला आली आणि दारातच म्हणाली, "काय सांगू, मुलांच्या परीक्षांनी नाकी नऊ..." आणि थिजली. शेजारचे काका आईला धीर द्यायला बसले आणि त्यांच्या तोंडून निघालं, "वहिनी, तुम्ही आयुष्यभर नाकासमोर चालणाऱ्या." मग ते चहा न घेताच गेले. दादाने फोनवर मला सुनावलं, "तू प्रत्येक गोष्टीत नाक खुपसू नकोस," आणि दोघंही इतके गप्प झालो की मला वाटलं फोन कट झाला. दुसऱ्या कुणाचं घर असतं तर आई आणि मी हसून लोळलो असतो. आई भिंतीकडे बघत होती. श्वास घेताना तिच्या नाकाची ती बाजू आत ओढली जायची आणि बारीक शिट्टी वाजायची.

पेपर येऊन पडत होते. आई रोज सकाळी पहिल्या पानापासून शेवटच्या जाहिरातीपर्यंत वाचणारी. आता घडीसुद्धा मोडत नव्हती. मी समजले, रुसवा. मला त्याचाही राग यायचा. एकदा मी म्हटलंसुद्धा, "आमच्यावर राग आहे ना, पेपराने काय घोडं मारलंय?" तिने माझ्याकडे पाहिलं आणि तोंड फिरवलं.

आणि मग माझं भांडण सुरू झालं. मोठे डॉक्टर म्हणाले होते, "या वयात, अशा हृदयाला, नाक बनवायचं म्हणजे हौस झाली. पट्टी लावा, बाहेर जाताना मास्क लावा. जीव वाचला, देवाचे आभार माना." दादा म्हणाला, "जीव मोठा की नाक?" मी दवाखान्याच्या भर व्हरांड्यात ओरडले. "तुमचं गेलं असतं तर? तुम्ही बसला असता का पट्टी लावून?" शिपाई आला. मी त्यालाही बोलले. फाईल घेऊन मी एका दाराहून दुसऱ्या दाराला हिंडले, दुकानातून तीनदा बिनपगारी सुट्टी घेतली, कुणी "आजींना काय करायचंय" म्हटलं की त्यांच्या अंगावर गेले. मला आईचं नाक हवं होतं. आधी होतं तसं, दोन्ही बाजू सारख्या. रात्रंदिवस मला एवढंच दिसत होतं, आणि मी ते आईसाठी करते आहे याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती.

अखेर सापडल्या त्या प्लास्टिक सर्जरीच्या बाई. त्याच दवाखान्यात आठवड्यातून दोन दिवस यायच्या. थकल्याभागल्या, भूल न झेपणाऱ्या माणसांची नाकं, कान, ओठ त्या माणूस जागा ठेवून, थोडं थोडं करत बनवतात, असं कळलं. मोठ्या डॉक्टरांनी अट घातली, सगळ्यांनी एकत्र बसून ठरवायचं. म्हणून ती खोली.

मोठे डॉक्टर म्हणाले, काही करू नका. भूलतज्ज्ञ म्हणाले, पूर्ण भूल मी देणार नाही; जागेपणी करायचं तर बाजूला बसेन, पण पेशंट घाबरला आणि रक्तदाब चढला तर जबाबदारी कुणाची? दादा म्हणाला, आम्हाला धोका नको. मी म्हटलं, आम्हाला नाक हवंय. दोघांचाही 'आम्हाला' एकच होता हे त्या वेळी कानाला लागलं नाही.

बाईंनी सरळ तीन वाटा सांगितल्या. एक, आहे तसं भरू द्यायचं. मग ती बाजू आक्रसेल, नाकपुडी जवळजवळ मिटेल. दोन, गालाचं कातडं सरकवून झाकायचं; पाऊण तासाचं काम, एकदाच, पण खळगा मोठा आहे, भिंत लेचीपेची राहील. तीन, कपाळ. कानातली कूर्चा आधाराला घालायची आणि कपाळाच्या कातड्याचा पट्टा, भुवईपाशी जोडलेलाच ठेवून, खाली वळवून नाकावर शिवायचा. तीन आठवडे तो पट्टा डोळ्यांमधून तसाच लोंबेल. तो जगला की मग वरून कापायचा. अडीच तास, जागेपणी, अर्धवट बसवून. रक्ताची गोळी बंद करता येणार नाही, म्हणजे रक्त भरपूर जाईल.

"यांच्या तब्येतीला तिसरं म्हणजे वेडेपणा आहे," मोठे डॉक्टर म्हणाले.

"तिसरंच करायचं," मी म्हटलं.

"तू गप्प बस," दादा म्हणाला.

"तू कोण मला गप्प करणारा? सणासुदीला येणारा पाहुणा!"

बाईंनी त्यांचं स्टूल उचललं, आमच्या मधून नेलं आणि आईसमोर ठेवून बसल्या. "आजी, तुम्हाला काय हवंय?"

"आजी म्हणू नका," आई म्हणाली. "मी तुमची आजी नाही."

तीन आठवड्यांनी तो आवाज ऐकला. थोडा गेंगाणा झाला होता, पण पोस्टाच्या खिडकीमागचाच होता.

"बरं. तुम्ही सांगा."

"आधी मला हे सांगा, माझं काय कापलंत आणि का?"

मोठ्या डॉक्टरांनी दादाकडे पाहिलं, दादाने माझ्याकडे. बाईंनी आम्हा सगळ्यांकडे एकदा पाहिलं आणि त्यांचा चेहरा लाल झाला. "यांना सांगितलेलंच नाही?"

"त्यांच्या हार्टला..." दादा म्हणाला.

बाईंनी त्याला पुरं बोलू दिलं नाही. "कातडीचा कॅन्सर होता," त्या आईला म्हणाल्या. "दीडएक वर्षापासून असावा. तो पूर्ण निघाला आहे. काढताना नाकाची ही भिंत काढावी लागली."

"हं," आई म्हणाली. तिने मनगट भूलतज्ज्ञांपुढे धरलं. "बघा. चालू आहे ना?"

त्यांनी खरंच नाडी बघितली.

"चालू आहे."

"झेपलं म्हणायचं." मग ती दादाकडे वळली. "लोकांना मी एकतीस वर्षं तारा दिल्या. कोण मेलं, कोण बुडालं, कुणाचं लग्न मोडलं. ज्याची तार त्याच्या हातात. घरातल्या दुसऱ्या कुणाला कधी दिली नाही. आणि तुम्ही माझी फोडून वाचलीत, वर खिशात घालून ठेवलीत."

दादा रडायला लागला. मला त्याची कीव आली नाही. मला वाटलं, बरं झालं, आता तरी ऐकेल. मी पुढे होऊन आईच्या खांद्यावर हात ठेवला. मी तिच्या बाजूची होते ना.

तिने माझा हात काढून माझ्याच अंगाशी ठेवला.

"या तिसऱ्यात," तिने बाईंना विचारलं, "चष्मा बसेल का?"

"कूर्चा घातली तर बसेल. दोनतीन महिन्यांनी."

"आणि गालाच्या?"

"सांगता येत नाही. बहुधा नाही."

"मग तिसरं."

"आई," दादा नाक पुसत म्हणाला, "अगं, एवढा धोका, आणि दिसण्यासाठी?"

"मला कोण बघायला येणार आहे रे?" आईचा आवाज चढला, शिट्टी वाजली, ती दम घ्यायला थांबली. "पंचवीस दिवस झाले. एक ओळ वाचलेली नाही मी. चष्मा ठेवला की डावीकडून खाली घसरतो आणि जखमेत रुततो. हाताने धरला तर पाच मिनिटांत हात भरून येतो. गोळीच्या पाकिटावर काय लिहिलंय ते मला दिसत नाही. तुम्ही द्याल ती गिळते. दोन पोरं आहेत मला. एकाच्याही लक्षात आलं नाही." मग तिने माझ्याकडे पाहिलं. "आणि ही चष्म्याच्या दुकानात कामाला."

पंचवीस दिवस तिचा चष्मा शेल्फवर होता. रोज सकाळी मी तो उचलून खालची धूळ पुसत होते आणि परत ठेवत होते. गिऱ्हाईक दारातून आत येताना त्याचा चष्मा कुठल्या बाजूला कलला आहे हे मला काउंटरवरून दिसतं. मी व्हरांड्यात लोकांच्या अंगावर धावून जात होते आणि घरात माझी आई आंधळी बसली होती. मला तिचं नाक हवं होतं ते मला माझं पॅड तिथे दिसू नये म्हणून.

बाईंनी धोके एकेक करून सांगितले. रक्तस्राव. पट्टा काळा पडू शकतो, मग सगळं फुकट. टेबलावर हृदय बिघडू शकतं. मेंदूत रक्ताची गाठ जाऊ शकते. जीव जाऊ शकतो.

"किती जणांचा?"

"तुमच्यासारखे शंभर असतील तर चारपाच. खरा आकडा कुणाकडेच नाही."

"कॅन्सर पुन्हा येईल?"

"येऊ शकतो. दर चार महिन्यांनी बघावं लागेल."

"मी बघेन. आरसा आहे घरात. फॉर्म आणा."

कारकून फॉर्म घेऊन आला आणि, खरं सांगते, सरळ दादापुढे गेला. दादा मागे सरकला. "त्यांना," तो म्हणाला. मग डोळे पुसून म्हणाला, "आई, मी वाचून दाखवतो."

"तू मला झेपेल तेवढंच वाचशील." तिने पर्स उघडली. चष्मा आत होता, हातरुमालात गुंडाळलेला. निघताना तिने तो घेतला हे मला कळलंही नव्हतं. तिने तो माझ्यापुढे धरला. "ये. येतं ना तुला हे?"

मी तिच्यासमोर गुडघ्यांवर बसले. दांड्या कानांवर घातल्या आणि फ्रेमच्या दोन्ही कडा चिमटीत धरून चष्मा तिच्या चेहऱ्यापासून अर्धा बोट दूर, हवेत धरला. पॅड कुठेही टेकू द्यायचं नव्हतं. बाईंनी पट्टी सैल करून जरा खाली घेतली, काचेआड येत होती म्हणून. माझ्या बोटांपासून दोन इंचांवर तो खळगा होता. तोवर मी तो नीट बघितलाच नव्हता. ड्रेसिंगला नर्स यायची आणि मी नेमकी चहा टाकायला उठायची. लाल, ओला, पावलीएवढा, आणि श्वासाबरोबर आतबाहेर होणारा.

आई वाचू लागली. तिने नाव वाचलं, वय वाचलं. वय चुकलं होतं, एक वर्षाने जास्त. तिने ते कारकुनाकडून दुरुस्त करून घेतलं आणि बाजूला त्याची सही घ्यायला लावली. मग ती पुढे गेली. ती घाई करत नव्हती. तिचे डोळे काचेमागे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जायचे आणि पुन्हा पहिल्या टोकाला यायचे. कुठे चालली आहे ते मला तिच्या डोळ्यांवरून कळत होतं. रक्तस्राव. पट्टा. हृदय. माझे हात भरून आले. शंभरातले चारपाच. तीन आठवडे ज्याच्यासाठी मी जगाशी भांडले ते तिने निवडलं होतं, आणि मला एकच वाटत होतं, हा कागद फाडून टाकावा आणि हिला घरी घेऊन जावं, पट्टी लावून, मास्क लावून, कशीही.

"आई," मी हळूच म्हटलं, "थोडं थांबून ठरवूया का?"

तिचे डोळे ओळीवरून हलले नाहीत.

"हात खाली आलाय तुझा," ती म्हणाली. "वर घे."

मी हात वर घेतला. तिने ती ओळ पुन्हा सुरुवातीपासून वाचली.